ज्याची खावी पोळी

'तटस्थ' या शब्दाकडे आपण मोठ्या आदराने पाहतो. तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. नदीत कोणी पोहत असो की बुडत असो, हा आपला कोरडा. मूळ शब्दात स्तुती नाही आणि निंदाही नाही; स्तुती आपण मागाहून चिकटवली. पंच तटस्थ हवा, परीक्षक तटस्थ हवा, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्या घाटावर हा गृहस्थ उभा आहे तो घाटच पोहणाऱ्यांपैकी एकाने बांधून दिलेला असेल, तर त्याच्या कोरडेपणाचे मोल काय करावे?

हा प्रश्न सुचण्याचे निमित्त जरा दूरचे आहे. अमेरिकेत बंदुकीवरून केवढे रण माजते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यास सांगायला नको. कोणी कोणते हत्यार बाळगावे, यावर तेथे निवडणुका जिंकल्या आणि हरल्या जातात. या रणात एक मंडळी मात्र बहुधा मौन धरून असते. ती म्हणजे पक्षी, हरणे, पाणथळी आणि राने राखायला निघालेल्या धर्मादाय संस्था. 'आमचे काम पाखरांचे; बंदुकीचे ज्याचे त्याने पाहावे,' हे त्यांचे म्हणणे. ऐकायला ते रास्त वाटते. पण पाखरू आणि बंदूक यांची गाठ फार जुनी आहे, आणि ती सोडवू जावे तर दोरीचे दुसरे टोक भलत्याच ठिकाणी निघते.

आपण मराठी माणसांनी या गोष्टीला परक्याची गोष्ट म्हणून हसू नये. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ गृहस्थांनी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन ही दोन नावे आपली. तिच्या सभासदांत शिकाऱ्यांचा भरणा मोठा होता आणि तिच्या नियतकालिकात वाघ-बिबट्यांच्या शिकारीच्या हकीकती अगत्याने छापल्या जात. सालिम अली हे पक्ष्यांकडे वळले तेही छऱ्याच्या बंदुकीमुळेच. १९०८ साली पोरवयात त्यांनी एक चिमणी टिपली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, आणि ती कोणती म्हणून विचारायला ते सोसायटीच्या कचेरीत गेले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हौशी शिकारीचा अध्याय मिटवला, म्हणून आपल्या संस्थांवर हा प्रसंग आज ओढवत नाही. पुण्याई आपली नव्हे, कायद्याची!

विलायतेत मात्र गोष्ट निराळी घडली. पक्षिरक्षणाची तेथील मोठी संस्था १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे एमिली विल्यम्सन या बाईंनी सुरू केली. त्या काळी बायकांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची फॅशन होती आणि त्यापायी बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती ओस पडत होत्या. सभासद स्त्रियांनी अशी पिसे वापरू नयेत, हा या संस्थेचा नियम. बायकांच्या टोप्यांवर बोट ठेवले. पुरुषांच्या बंदुकांवर मात्र ठेवले नाही. १८९१ पासून १९५४ पर्यंत संस्थेच्या अध्यक्षपदी पोर्टलंडच्या डचेस होत्या, आणि त्यांचे यजमान ड्यूकसाहेब तर नामांकित शिकारी. १९१३ साली ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड त्यांच्याकडे पाहुणे आले ते शिकारीसाठीच. १९०४ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. 'शिकारीचे पक्षी मारण्याच्या प्रश्नात संस्था भाग घेणार नाही' असे कलम आजही त्या सनदेत आहे. मात्र त्याला एक शेपूट जोडलेले आहे: त्या शिकारीचा संस्थेच्या मूळ उद्देशावर परिणाम होत असेल तर गोष्ट वेगळी.

वाचकहो, या शेपटाकडे लक्ष असू द्या. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता अमेरिकेकडे वळू. १९११ साली विंचेस्टर या बंदुकीच्या कंपनीने तेथील ऑडुबॉन पक्षिसंस्थेला दरसाल २५ हजार डॉलर देऊ केले. रक्कम त्या काळी डोळे दिपवणारी. नेमक्या त्याच सुमारास एकामागून एक बार काढणाऱ्या आपोआप भरणीच्या बंदुकांना शिकारीत बंदी असावी की नाही, हा वाद पेटला होता. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक हॉर्नडे हे त्या बंदुकांचे कट्टर वैरी. संस्थेच्या चालकांनी देणगी प्रथम स्वीकारली. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला: हे पैसे घेतल्यावर तुम्ही त्या बंदुकांविषयी तोंड उघडणार कसे? अखेर थोड्याच दिवसांत चालकांनी निर्णय फिरवला आणि देणगी नाकारली. कारखानदारांनी मग त्याच वर्षी शिकारी पशुपक्ष्यांच्या रक्षणासाठी आपली स्वतंत्र संस्था काढली. पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे असावीत, हा नियम तेथे आला तो १९३५ मध्ये. मधल्या २४ वर्षांत किती पाखरे पडली, त्याची मोजदाद कोणी करायची?

पण गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती लहान नाही. १९३७ साली पिटमन आणि रॉबर्टसन या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर ११ टक्के कर, आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी वाटायचा. पुढे पिस्तुलांवरचा १० टक्के करही त्यात मिळाला. अलीकडच्या काही वर्षांत या वाटपाची रक्कम वर्षाला एक अब्ज डॉलरांवर गेली आहे. पांढऱ्या शेपटीची हरणे, रानटी टर्की, झाडाच्या ढोलीत घरटे करणारी बदके, हे सारे एकेकाळी विरळ झालेले जीव आज तेथे पुन्हा विपुल आहेत, त्यात या पैशाचा वाटा मोठा आहे. शिकाऱ्याला आपण ऊठसूट खलनायक ठरवतो. पण पाणथळ जागा विकत घेऊन राखायला खिशात हात घालणाराही बहुधा तोच असतो.

मात्र या कराची एक गंमत आहे. १९७६ मध्ये विषारी रसायनांवर नियंत्रण आणणारा कायदा अमेरिकेने केला. त्यातून काही वस्तू वगळल्या. कोणत्या? तर ज्या वस्तूंवर हा बंदुक-काडतुसांचा कर बसतो त्या! ज्या कराने पाखरांना दाणापाणी मिळते, त्याच कराच्या पावतीवर काडतूस त्या कायद्याच्या तावडीतून सुटते.

काडतुसात विष कसले, असे कोणी विचारील. ते म्हणजे शिसे. छरे तळ्याकाठच्या चिखलात पडतात. दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळण्याची बदकांना सवय असते. खडा समजून ती छरा गिळतात. पोटात तो खड्यांबरोबर दळला जातो आणि शिसे रक्तात भिनते. गोळी लागलेल्या जनावराची आतडी शिकारी रानात टाकून जातो. ती खाणाऱ्या गिधाडाच्या पोटात शिशाचा चुरा जातो. कॅलिफोर्नियाचे कंडोर नावाचे प्रचंड गिधाड १९८२ मध्ये अवघे २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही धरून पिंजऱ्यात आणला, तेव्हा कुठे वंश टिकला. आज त्यांची संख्या पाचशेवर गेली आहे, परंतु मोकळे सोडलेले पक्षी अजूनही सर्वांत अधिक मरतात ते शिशानेच.

अशा वेळी पक्षिसंस्थेने काय म्हणावे? 'आम्ही बंदुकीच्या वादात पडत नाही'?

येथे मला एका गावच्या वाचनालयाची आठवण होते. गाव आणि माणसे सांगत नाही. वाचनालयाची नवी इमारत लाकडाच्या एका वखारवाल्यांच्या देणगीतून उभी राहिली होती. वसंत व्याख्यानमालेत 'आपली वने' हा विषय मी घेतला, तेव्हा चिटणीस आदल्या दिवशी घरी आले. चहा झाला, इकडचे तिकडचे झाले, आणि उठता उठता ते हलक्या आवाजात म्हणाले, "सर, झाडांविषयी भरपूर बोला. कुऱ्हाडीविषयी मात्र जपून." वखारवाल्यांनी त्यांना एका शब्दानेही तसे सांगितलेले नव्हते, हे मला पुढे कळले. पोळी वाढणाऱ्याने टाळीची अट घालावीच लागत नाही. खाणाऱ्याचे हात आपोआप जुळतात. तटस्थतेला खरा धोका दात्याच्या हुकमापेक्षा घेणाऱ्याच्या या अदबीचाच अधिक असतो.

२०२२ मध्ये तो ११ टक्क्यांचा करच रद्द करावा, असे विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये एका सभासदाने मांडले. तेव्हा एरवी जपून बोलणाऱ्या कित्येक शिकारी-संरक्षक संस्थांना चटकन कंठ फुटला. त्यांचे बोलणे योग्यच होते. पण मग बोलता येते, एवढे तरी सिद्ध झाले. धर्मादाय संस्थांनी निवडणुकीत कोणा उमेदवाराचा प्रचार करू नये, असा तेथील कायदा आहे. धोरणावर मत देऊ नये, असा नाही.

माझे म्हणणे असे नाही की पक्षिसंस्थेने प्रत्येक वादात उडी घ्यावी. शहरातल्या माणसाने उशाशी पिस्तूल ठेवावे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो पक्षिसंस्थेचा नव्हे. तेथे ती गप्प राहिली तर तिला भित्री म्हणू नये. दोन्ही मतांचे लोक तिचे सभासद असतात, आणि तळे राखायला दोघेही हवे असतात. पण जेथे गोळी पाखराच्या पोटात जाते तेथे काठ उरतच नाही. तेथे संस्था नदीतच उभी असते. सीमारेषा इथे आहे, आणि विलायतेच्या त्या जुन्या सनदेने शेपूट जोडून ती बरोबर आखली होती.

ते शेपूट उपयोगी पडलेही. ग्राउज या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेल्या माळांवर हॅरियर ससाण्यांची चोरून हत्या होते, म्हणून विलायतेच्या संस्थेने २०२० मध्ये अशा शिकारीला परवान्याची अट असावी अशी उघड मागणी केली. स्कॉटलंडने २०२४ मध्ये तसा कायदा केला. आणि कॅलिफोर्नियात शिकारीतील शिशाच्या गोळीवर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये मंजूर झाला व १ जुलै २०१९ पासून पुरता अमलात आला, तेव्हा बंदूकधाऱ्यांच्या बलाढ्य संघटनेचा विरोध असूनही त्याच्या पुरस्कर्त्यांत ऑडुबॉनची तेथील शाखा होती. १९११ साली २५ हजार नाकारले होते ते याच नावाने. त्या कायद्याने कोणाचीही बंदूक काढून घेतली नाही. शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरा, एवढेच सांगितले.

दिवाळीच्या सुमारास आपल्या दारी वर्गणीची पुस्तके येतात. कोणी झाडे लावणारे, कोणी गाई पाळणारे, कोणी नदी स्वच्छ करणारे. वर्गणी जरूर द्यावी. फक्त पावती घेताना दोन गोष्टी विचाराव्या: तुमचा सर्वांत मोठा दाता कोण, आणि त्याच्याच हातून तुमच्या कामाला बाधा आली तर काय करायचे, हे तुमच्या नियमावलीत लिहिले आहे काय? उत्तर देताना चिटणीस अडखळले, तरी रागावू नये. पुढच्या वर्षी ते आले, की पुन्हा विचारावे.