खाडा

परवा जालन्यात एका लग्नात जेवताना विषय निघाला. आमच्या नात्यात दोघातिघांची हॉटेलं आहेत, एकाचा ढाबा आहे. "पोरं टिकत नाहीत हो," हे त्यांचं ठरलेलं रडगाणं. "सुटी दिली की परत येतच नाहीत. म्हणून मी देतच नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसून जिलेबी खाल्ली. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय. नातेवाईकांनी रागवायचं तर खुशाल रागवावं.

माझ्या मते हे अगदी उलटं आहे. सुटी मिळाली म्हणून पोरं पळत नाहीत, मिळत नाही म्हणून पळतात. सरळ मागून मिळत नसेल तर पोरगा आजी वारल्याचं सांगतो, नाहीतर फोन बंद करून गावाकडे जातो. परत आला की खाडा कापणार, वर मालक गिऱ्हाइकांसमोर बोलणार. त्यापेक्षा पलीकडच्या हॉटेलात लागलेलं काय वाईट?

दुसरी तक्रार, "ऐनवेळी सुटी मागतात." ऐनवेळी? गल्ल्यामागच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यात पोळा छापलेला असतो. जूनमध्ये पेरणी, मग सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी... हे जालन्यातल्या मालकाला कळत नाही? अहो, त्याचीही शेती असते! बिहारकडचा वस्ताद छठपूजेला गावी जाणार हेही वर्षभर आधी माहीत असतं. लग्नाच्या तारखा बघून किराणा भरता येतो, मग त्याच कॅलेंडरवर पोरांच्या सुट्या का मांडता येत नाहीत?

आता हिशोब. समजा सात माणसं आहेत. आठवड्याचे वारही सात. रोज एकाची सुटी, आणि रविवारी गर्दी म्हणून त्या दिवशी नको असेल तर मंगळवारी दोघांची. वार आधीच फळ्यावर लिहून टाका. माणूस कमी पडतं म्हणाल तर एक जास्तीचा ठेवा. त्याला महिन्याला 12,000 रुपये दिले तर दिवसाला 400 पडतात. दिवसाला 150 गिऱ्हाइकं असतील तर माणशी तीन रुपयेसुद्धा नाहीत. कांदा महागला की थाळीचे दहा रुपये वाढवतो की नाही आपण?

कायद्याचं म्हणाल, तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने हॉटेल आठवडाभर उघडं ठेवायला परवानगी दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक सुटी हवीच असंही सांगितलं. शिवाय वर्षाला 8 किरकोळ रजा, 8 पगारी सणाच्या सुट्या, आणि वर्षात 240 दिवस भरले तर दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा. मेख अशी की हे सगळं दहा किंवा जास्त कामगार असतील तिथेच. 2025 मध्ये सरकारने ही मर्यादा 20 वर नेली. म्हणजे आपल्याकडची बहुतेक हॉटेलं या तरतुदींबाहेर! कायदा विचारत नाही म्हणजे माणूस थकत नाही असं थोडंच आहे?

एक नियम मात्र लहानमोठ्या सगळ्यांना लागू आहे. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांप्रमाणे आजारी माणसाने अन्न हाताळायचं नाही. पण तापाच्या दिवसाचाही खाडा पडणार असेल तर आचारी गोळी घेऊन भट्टीपुढे उभा राहणारच. जुलाब झालेला माणूस पोळ्या लाटतो आणि त्या आपल्या ताटात येतात.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आज आपण तीच सुटी घालवायला सहकुटुंब हॉटेलात जातो, आणि तिथे पाणी आणून देणाऱ्या पोराला कुठलाच वार सुटीचा नसतो. "उशीर का?" म्हणून त्याच्यावर खेकसतो ते वेगळंच.

असो. पुढच्या वेळी बिल देताना त्या पोराला एवढंच विचारा, "तुझी सुटी कोणत्या वारी असते रे?" तो चटकन वार सांगतो, की आधी गल्ल्याकडे बघतो, ते पाहा. आणि आमच्या ढाबेवाल्या भाऊंनी हे वाचलं असेल तर, दादा, फळा मी घेऊन येतो. खडू तुमचा.