पोस्टडॉकची मुदत पाच वर्षे करा



विद्यापीठांच्या विज्ञान विभागांतील पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीवर नेमलेल्या, संशोधकांचा विषय निघाला, की चर्चा भत्त्यावर येऊन अडते. भत्ता २०२३मध्ये वाढला. प्रकल्पावरच्या रिसर्च असोसिएटचा मासिक दर तेव्हापासून ५८,००० रुपयांपासून सुरू होतो. खरी अडचण मुदतीची आहे आणि ती यूजीसीच्याच कागदावर दिसते. २०१८च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवारांची छाननी करताना अध्यापन किंवा पोस्टडॉक अनुभवाला वर्षाला दोन, असे जास्तीत जास्त दहा गुण मिळतात. म्हणजे पूर्ण गुणांसाठी पाच वर्षे हवीत. केंद्राची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप मात्र दोनच वर्षांची. उरलेली तीन वर्षे कुणाच्या तरी प्रकल्पात काढायची आणि प्रकल्प संपला की बाडबिस्तरा गुंडाळायचा. जनुकबदल केलेल्या उंदरांचा वाण तयार करून वाढवायचा, तर वर्ष सहज जाते. त्यात रसायनांची कोटेशने, खरेदी समितीच्या सह्या, परदेशातून येणाऱ्या मालाची वाट. हाती जरा आकडे येऊ लागावेत, तोवर संशोधक पुढच्या जागेचे अर्ज भरायला बसलेला असतो. त्याच्यामागून येणारा बहुधा पहिल्यापासून सुरुवात करतो. या वाया गेलेल्या पैशाचा हिशेब कुणी मागत नाही, हे विशेष!

यावर ठरलेला आक्षेप असा, की पाच वर्षे ठेवलेला माणूस कायम होण्यासाठी कोर्टात जाईल. जाईलही; पण निव्वळ तात्पुरत्या नेमणुकीतून कायमपदाचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६च्या उमादेवी निकालात सांगून ठेवले आहे. पैसा कुठून आणायचा, असेही विचारले जाते. तो आजही खर्च होतोच, फक्त तुकड्यातुकड्यांनी. तीन वर्षे द्यावीत, कामाची कसून तपासणी करावी आणि ते पटले तर आणखी दोन. हैदराबादेत मुख्यालय असलेली इंडिया अलायन्स ही संशोधनाला निधी देणारी संस्था जैववैद्यकातील मोजक्यांना पाच वर्षांची फेलोशिप देत आली आहे, तेव्हा ही कल्पना काही आभाळातून पडलेली नाही. तिसरी शंका मात्र वजनदार आहे: प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून त्यांचे वर्ग पोस्टडॉकच्या गळ्यात मारले जातील. महाराष्ट्रात रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, नेमलेल्या अध्यापकांचे काय झाले, हे पाहता ही भीती कुणी हसण्यावारी नेऊ नये. म्हणून शिकवण्याच्या तासांची कमाल मर्यादा करारातच असावी आणि मंजूर प्राध्यापकपदांत या जागा मोजू नयेत.

२०१९मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’ दर्जा मिळालेल्या हैदराबाद विद्यापीठाने रसायन, भौतिक आणि जीवविज्ञानात अशा थोड्या जागांपासून सुरुवात करावी. नेमणूकपत्र प्रकल्पप्रमुखाच्या नव्हे, विद्यापीठाच्या नावाने द्यावे. प्रमुखाशी बिनसले, तर उमेदवाराला त्याच विभागात दुसऱ्या प्रयोगशाळेत जाता आले पाहिजे. आज तसे झाले की बहुतेकदा नोकरीच जाते.

– एक वाचक, हैदराबाद