पत्र्यावर चढणारा माणूसही आपलाच



या अंकात खोडव्यातील पाचटाविषयी लिहायचे ठरले होते. मजकूर निम्मा लिहूनही झाला होता. तो पुढच्या अंकी देईन. मध्यंतरी लिंबागणेश गट कार्यालयात बसलो असता एक जुने सभासद आले. ऊस नोंदीचे काम झाल्यावर हळूच म्हणाले, "साहेब, साखर गोडाऊनच्या पत्र्याचं काम निघणार म्हणे. आमच्या पोराला लावून द्या की चार दिवस." पोरगा नुकताच तोडणीहून परत आलेला, बावीस-तेवीस वर्षांचा. मी विचारले, "पत्र्यावर कधी चढलाय का?" तर म्हणाले, "चढायला काय लागतं? माळवदावरच वाढलंय ते."

त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

आपला बालाघाटाच्या पट्ट्यातला माणूस खरोखरच माळवदावर वाढलेला आहे. माळवदावर धान्य वाळत घालायचे, उन्हाळ्यात तिथेच अंथरूण टाकायचे, पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून ते चोपायचे. पायाखाली हातभर माती आणि त्याखाली सागवानी नाहीतर बाभळीची लाकडे. माणसे नाचली तरी काही होत नाही. तोच पाय घेऊन आपण सिमेंटच्या पत्र्यावर जातो. तो पत्रा सहा मिलीमीटर जाडीचा असतो, म्हणजे बोटाच्या निम्म्याइतकाही नाही. खाली आडवे अँगल असतात ते चार-साडेचार फुटांवर. मधला सगळा भाग पोकळ. नवा पत्रा एखाद वेळी माणसाचे वजन सोसतोही. पण वीस-पंचवीस पावसाळे खाल्लेला पत्रा वरून जसाच्या तसा दिसतो आणि आतून ठिसूळ झालेला असतो. मोडताना तो लाकडासारखा करकरत नाही की वाकत नाही. एकदम जातो.

मी शेतकी पदविकेचा माणूस. बेणे, लागण, खत यांवर बोलावे, पत्र्यांचे काम इंजिनिअरिंग खात्याचे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण पत्र्यावर जी माणसे चढतात ती इंजिनिअरिंग खात्याची नसतात. ती माझ्या गटातली असतात. हंगामात ज्यांच्या हातात कोयता असतो तेच मे महिन्यात रोजावर पत्र्यावर असतात.

2003 च्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या जिल्ह्यातील एका कारखान्यात स्लिपबॉय म्हणून नुकताच लागलो होतो. गोदामाच्या छताची दुरुस्ती चालू होती. कारखान्याच्या छतावर प्रकाशासाठी मधूनमधून फायबरचे पत्रे बसवलेले असतात. बसवताना ते काचेसारखे स्वच्छ असतात. चार हंगामांचा भुसा आणि चिमणीची राख बसली की वरून सगळे पत्रे एकाच राखी रंगाचे होतात. कोणता सिमेंटचा आणि कोणता फायबरचा हे उभ्या माणसाला कळत नाही. त्या माणसालाही कळले नाही. मी खाली रजिस्टर घेऊन उभा होतो. सावली पडली म्हणून वर पाहिले, तोवर तो खाली आला होता. गोदाम भरलेले असते तर पोत्यांच्या थप्पीवर पडला असता, दहा-पंधरा फूट तरी वाचले असते. पण त्या रांगेतली साखर उचलून झालेली होती. खाली उघडी फरशी.

जीव वाचला, कमरेखाली मात्र काही राहिले नाही. ठेकेदाराने दवाखान्यात काही रुपये भरले आणि पुन्हा दिसला नाही. हजेरीपटावर नाव नव्हते, त्यामुळे "तो आमचा कामगार नव्हे" असे उत्तर मिळाले. मागाहून समजले की मुकादमाची मागल्या हंगामाची बाकी अंगावर होती, ती थोडी तरी फिटावी म्हणून तो पत्र्यावर चढला होता. पुढच्या दसऱ्यानंतर त्याची बायको तेरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन टोळीत गेली. कोयता जोडीचा असतो, हे तुम्हाला मी काय सांगावे!

कारखान्यातला अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बॉयलर येतो, नाहीतर गरम रसाची टाकी. ते बरोबरच आहे. 8 डिसेंबर 2017 रोजी आपल्याच जिल्ह्यात, परळीजवळच्या पांगरीला वैद्यनाथ कारखान्यात रसाची टाकी फुटली आणि कामगार भाजून मेले, ते कोणी विसरलेले नाही. परंतु टाकीजवळ जाताना माणूस बिचकतो तरी. पत्र्यावर जाताना कोणी बिचकत नाही. तिथेच घात आहे.

बरे, साखर कारखान्याचे छत इतर शेडपेक्षा लवकर खराब होते. रस शुद्ध करण्यासाठी आपण गंधक जाळतो, त्याचा धूर आणि वाफ दोन्ही वर जातात. लोखंडी पत्रा आणि हुक खालच्या बाजूने गंजतात. वरून रंग दिलेला असला तरी आतून चाळण झालेली असते. "बोल्टच्या ओळीवरून चाला, खाली अँगल असतो, काही होत नाही," असे मिस्त्री लोक सांगतात. निम्मे खरे आहे, म्हणून जास्त घातक आहे. पाय वीतभर सरकला, शेवाळावरून घसरला, किंवा दुपारच्या उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली की ओळ सुटते.

उपाय काही विलायती नाहीत. होईल तेवढे काम खालून, परांची बांधून करावे. वर जावेच लागले तर पायफळ्या टाकाव्यात. फळी दोन-तीन अँगलवर पोचेल इतकी लांब हवी आणि बांधलेली हवी. फळ्या कमीत कमी दोन हव्यात, म्हणजे एक पुढे सरकवताना माणूस दुसरीवर उभा राहील. एकच फळी असेल तर ती उचलताना तो पुन्हा पत्र्यावरच उभा! सेफ्टी बेल्टचा दोर कैचीला किंवा तिला बांधलेल्या पक्क्या दोराला अडकवावा. मी तो पत्र्याच्या हुकात अडकवलेला पाहिला आहे. त्यापेक्षा बेल्ट नसलेला बरा, निदान माणूस भ्रमात राहत नाही. खाली जाळी बांधावी आणि काम सकाळच्या गारव्यात उरकावे.

आणखी एक. सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲसबेस्टॉस. कोरडा पत्रा ग्राइंडरने कापला की उडणारी बारीक धूळ छातीत बसते आणि त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसबेस्टॉसच्या कामगारांविषयी निकाल दिला तोही याच आजारामुळे. कापायचाच झाला तर ओला करून, हातकरवतीने कापावा. फुटके तुकडे गोठ्यात पसरणे किंवा पाणंदीत टाकणे बंद करावे.

आता खर्चाचे. सभेत प्रश्न येणारच, म्हणून हिशेब मांडतो. समजा फळ्या, बेल्ट, दोर, जाळ्या यांना तीन लाख रुपये लागले आणि गाळप तीन लाख टन झाले, तर टनामागे एक रुपया पडला. साठ टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे साठ रुपये. त्यात युरियाची पाव गोणीसुद्धा येत नाही. आणि हा माल एका वर्षात संपत नाही, नीट ठेवला तर पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडतो. उसाच्या दरासाठी आपण रुपया-रुपयावर भांडतो, भांडलेच पाहिजे. हा रुपया त्यातला नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंचीवर काम करणाऱ्याला पडण्यापासून राखण्याची तरतूद 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या 32 व्या कलमात होती. आता त्या कायद्याच्या जागी 2020 ची संहिता आली. मालकाची जबाबदारी गेलेली नाही. आणि सहकारी कारखान्याचे मालक कोण? आपण सभासदच. तेव्हा ठेकेदाराचे टेंडर निघेल त्यात तीन ओळी असाव्यात असे मी सुचवतो: फळीशिवाय माणूस वर जाणार नाही, वर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव हजेरीपटावर असेल, आणि त्याचा विमा आधी उतरवला जाईल. सर्वांत कमी भावाचे टेंडर पुष्कळदा याच तीन गोष्टी गाळून कमी झालेले असते. वार्षिक सभेत अहवाल हातात आला की दुरुस्तीच्या रकमेवर नुसते बोट ठेवू नका, यात फळ्या किती आणि विमा कितीचा, तेही विचारा.

हे सगळे कारखान्यापुरतेच नाही. गावोगाव माळवदे जाऊन पत्रे आले. गोठा, कांदाचाळ, पोल्ट्री, सगळीकडे पत्रा. आता त्यावर सौरपाट्या बसू लागल्या, म्हणजे पुसायला महिन्या-पंधरा दिवसांनी चढणे आले. रोहिणीचा वारा सुटला की पत्र्यावर दगड ठेवायला घरातले सर्वांत हलके पोर वर पाठवायची आपली रीत आहे. पोर हलके असले तरी सडलेला पत्रा सडलेलाच असतो.

त्या सभासदांच्या मुलाला मी काम लावून दिले नाही. ते थोडे नाराज होऊन गेले. फळ्या आल्या की बोलावतो, असे सांगितले आहे.

तूर्त लिंबागणेश गट कार्यालयात दहा फुटी दोन पायफळ्या आणि एक जाड दोर आणून ठेवला आहे. गोठ्याचे, घराचे पत्रे बघायचे असतील त्या सभासदांनी वहीत सही करून न्यावा. फक्त तिसऱ्या दिवशी परत आणावा. मृग जवळ आला आहे, मागे नंबर लागलेले असतात.

— ऊस विकास अधिकारी