घरचें आरोग्य : एकदां येऊन गेलेला ताप

मागील पावसाळ्यांत एका परिचित कुटुंबांत जाण्याचा प्रसंग आला. थोरल्या सूनबाईंचा मुलगा दोन दिवस तापानें फणफणला होता. डॉक्टरांस दाखवावें कीं काय, असा विचार चालला असतां आजीबाई म्हणाल्या, "डेंग्यू तर त्याला तीन वर्षांपूर्वींच होऊन गेला. आतां तो कशाला पुन्हां येतो? साधाच ताप असेल." गोवर एकदां निघाला कीं जन्माची सुटका, हा आपल्या वडीलधाऱ्या मंडळींचा अनुभव खोटा नाहीं. परंतु तोच न्याय डेंग्यूस लावणें धोक्याचें आहे.

आजीबाईंचें म्हणणें अर्धें खरें होतें, आणि म्हणूनच फसवें होतें. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकारानें ताप येतो, त्याच्यापुरतें संरक्षण शरीरास बहुधा जन्मभर मिळतें. ग्रीस देशांत १९२७-२८ सालीं डेंग्यूची मोठी साथ आली होती. पुढें सुमारें अर्ध्या शतकानें तेथील वृद्धांचें रक्त तपासलें, तेव्हां त्या विषाणूशीं झुंजणारीं प्रतिद्रव्यें त्यांत अद्यापि आढळलीं. इतर तीन प्रकारांपासून मिळणारें संरक्षण मात्र थोडेच महिने टिकतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत डॉ. अल्बर्ट सेबिन यांनीं स्वयंसेवकांवर प्रयोग करून हा भेद दाखवून दिला.

याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. क्यूबा बेटांत १९७७ सालीं पहिल्या प्रकाराची साथ आली. ती बहुतांशीं सौम्य होती. १९८१ सालीं दुसऱ्या प्रकाराची आली, तेव्हां सुमारें ३ लक्ष ४४ हजार लोक आजारी पडले व १५८ दगावले. पुन्हां १९९७ सालीं सांतियागो शहरांत दुसरा प्रकार अवतरला, तेव्हां ज्यांस वीस वर्षांपूर्वीं पहिला ताप येऊन गेला होता, त्या प्रौढांवरच मुख्यतः संकट कोसळलें. पहिल्या साथीनंतर जन्मलेलीं मुलें गंभीर आजारापासून वांचलीं. याचें कारण असें सांगतात कीं, जुनीं प्रतिद्रव्यें नव्या प्रकारास चिकटतात, परंतु त्यास निष्प्रभ करीत नाहींत. उलट पेशींत शिरण्यास त्याला साह्य करितात. जुना पहारेकरीच नव्या चोरास घराची वाट दाखवितो, म्हणाना!

यावरून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या वेळचे बहुतेक रोगीही बरे होतात. सावधगिरी मात्र हवी. घरांत कोणास केव्हां डेंग्यू झाला, याची नोंद वहींत ठेवावी व डॉक्टरांस ती आवर्जून सांगावी. अशा तापांत ॲस्पिरिन देऊं नये. ताप उतरला म्हणजे संकट टळलें, असें समजूं नये. खरी जपणूक त्याच सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवशीं, करावयाची असते. पोटांत तीव्र कळा, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणें किंवा मूल मलूल होणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावितां रुग्णालय गांठावें. हा डांस दिवसा चावतो व स्वच्छ, सांठविलेल्या पाण्यांत वाढतो. म्हणून पिंपें, हौद व फुलदाण्या आठवड्यांतून एकदां रिकाम्या करून घासाव्या. नुसतें पाणी ओतून देणें पुरेसें नाहीं, कारण अंडीं कडेस चिकटून राहतात.

त्या मुलाची हकीकत सांगावयाची राहिली. सूनबाईंनीं सासूबाईंचा मान राखून, परंतु निश्चयानें, डॉक्टरांस गांठलें. रक्त तपासतां डेंग्यूच निघाला. चौथ्या दिवशीं ताप उतरला आणि पोट दुखूं लागलें. परंतु तोंवर मूल रुग्णालयांत होतें. आतां तो अंगणांत हुंदडतो, आणि दर रविवारीं हौद घांसून घेण्याचें काम आजीबाईंनीं स्वतःकडे घेतलें आहे.