ॲप बदलले, गॅलरीचे काय?

२०२५च्या सप्टेंबरअखेरीस झोहो कंपनीच्या अरट्टाई ॲपची एकाएकी हवा झाली, तेव्हा डॉक्टरांच्या ग्रुपवर एकच विषय होता: आपणही तिकडे जायचे का? जानेवारी २०२१ मध्येही हेच घडले होते. व्हॉट्सॲपने नव्या गोपनीयता धोरणाची सूचना पाठवली, ८ फेब्रुवारीपर्यंत ते मान्य करायला सांगितले आणि लोक सिग्नलवर अशा झुंडीने गेले की १५ जानेवारीला सिग्नलची सेवाच ठप्प झाली. पुढे व्हॉट्सॲपने मुदत १५ मेपर्यंत वाढवली. तोवर हौसेने काढलेले सिग्नलवरचे ग्रुप ओस पडू लागले होते. रुग्ण व्हॉट्सॲपवर, लॅब व्हॉट्सॲपवर, मेडिकलवालाही तिथेच; मग एकट्या डॉक्टरने दुसरीकडे जाऊन बोलायचे कोणाशी?

त्या वेळची काळजी मात्र खोटी नव्हती. व्हॉट्सॲपवरचा मजकूर एप्रिल २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा या दोघांपुरताच उलगडतो आणि त्यासाठीचे तंत्र सिग्नलचेच आहे. प्रश्न मजकुराभोवतीच्या माहितीचा आहे. कोणता नंबर कोणाशी, कधी, किती वेळा बोलतो, हे कंपनीला कळू शकते. इतर धंद्यांत याचे फार बिघडत नसेल, आपल्याकडे बिघडते. एखादा नंबर मनोविकारतज्ज्ञाशी, वंध्यत्व केंद्राशी किंवा कर्करोगतज्ज्ञाशी वारंवार बोलतो, एवढे समजले की मेसेज वाचण्याची गरज उरत नाही. याच २०२१च्या धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. वर्षभराने अपील लवादाने तो दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली.

म्हणून डॉक्टरांनी आपापसात सल्लामसलतीसाठी सिग्नल वापरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत चौकशी यंत्रणेने सिग्नलकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली, तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटची जोडणी कधी झाली, याखेरीज द्यायला त्यांच्याकडे काही नव्हते. टेलिग्रामच्या साध्या गप्पांना आणि ग्रुपला तर मजकूर फक्त बोलणाऱ्यांपुरता ठेवणारे कुलूपही नसते. अरट्टाईची लाट आली तेव्हा त्याच्याही मजकूर संदेशांना ते नव्हते. ॲप स्वदेशी आहे, सगळे तिकडे चाललेत, ही ॲप निवडण्याची कसोटी होऊ शकत नाही.

पण आता आपला स्वतःचा फोन उघडून गॅलरी पाहा. मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्येच कुणाची मधुमेही पायाची जखम, कुणाचा ईसीजी, कुणाच्या स्तनाचा फोटो. मेसेजला कुलूप असते ते वाटेत. फोटो उतरून गॅलरीत पडला की ते संपले, आणि गॅलरीचा आपोआप बॅकअप सुरू असेल तर तोच फोटो गूगलच्या खात्यात जातो. घरातल्या टॅबवर तेच खाते असले तर तो तिथेही दिसतो. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला वेगळे कुलूप लावण्याची सोय २०२१च्या ऑक्टोबरात आली, पण ते आपण मुद्दाम लावावे लागते.

ग्रुपवरच्या 'इंटरेस्टिंग केस'चेही तसेच. एक्स-रे टाकताना निदान नीट लिहिलेले असते आणि प्लेटच्या कोपऱ्यात रुग्णाचे पूर्ण नाव, वय, तारीख आणि सेंटरचे नाव ठळक वाचता येते. चेहऱ्याच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेली असते, पण त्याच फोटोत मनगटावर गोंदलेले नाव तसेच राहते. तालुक्याच्या गावात ते गोंदण आणि आजाराचा उल्लेख एवढे ओळख पटायला पुरते. दोनशे डॉक्टरांच्या ग्रुपवर गेलेला फोटो पुढे कुठे जाईल, यावर कोणत्याही ॲपचा ताबा नाही.

फोनमध्ये नंबर साठवण्याची आपली पद्धतही अशीच. 'जाधव टीबी', 'पाटीलबाई आयव्हीएफ', 'शेख एचआयव्ही'. सोयीचे आहे, नाव दिसताच केस आठवते. पण संपर्कयादी वाचायची परवानगी आपण ज्या ज्या ॲपला दिली, त्या प्रत्येकासमोर ही नावे रोगासकट उघडी आहेत. रिसेप्शनच्या संगणकावर दिवसभर चालू राहणारे व्हॉट्सॲप वेब हा आणखी एक उघडा दरवाजा. कंपाउंडर काम सोडून गेल्यावर त्याच्या फोनवरचे जोडलेले खाते किती ठिकाणी आठवणीने काढले जाते? लॅबकडून लिंकने येणाऱ्या रिपोर्टबद्दल आपण विचारायला हवे, की ती लिंक उघडायला ओटीपी लागतो का, की हाती पडेल त्याच्याकडे ती उघडते.

सिग्नलवर गेल्यावर एक नवाच पेच येतो, त्याची चर्चा फारशी होत नाही. ठरावीक काळाने मेसेज आपोआप पुसण्याची सोय तिथे अनेकांना आवडते. पण २००२च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे, आणि २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेसेजवरून दिलेल्या सल्ल्याचीही नोंद ठेवावी लागते. मेसेज पुसला आणि केसपेपरवर काही नसले, तर उद्या तक्रार झाल्यावर आपल्या हातात काय राहील? त्यामुळे क्रम असा असावा: सल्ला दिला की त्याच दिवशी केसपेपरवर किंवा दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद, लागणारा फोटो तिथे जोडायचा, आणि मगच फोनवरून काढायचा. फोन हे पोहोचवण्याचे साधन आहे, दप्तर नव्हे.

त्याच मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णाने स्वतःहून संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरली आहे. ही संमती त्या सल्ल्यापुरती असते. त्याने पाठवलेला पुरळाचा फोटो त्वचारोगाच्या ग्रुपवर टाकायची मुभा त्यात नाही, त्यासाठी त्याला वेगळे विचारायला हवे. गर्भपाताच्या बाबतीत २०२१च्या दुरुस्तीने स्त्रीची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली आहे. एचआयव्हीबाबत २०१७चा कायदा आहे. आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यातली मुख्य बंधने दीड वर्षाने लागू होतील. डेटा सुरक्षित न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि एका डॉक्टरचा दवाखानाही या कायद्याच्या कक्षेत येतो. पण दंडाच्या भीतीने हे करावे असे आम्हाला वाटत नाही. जी गोष्ट बाई नवऱ्यालाही सांगत नाही, ती ती आपल्याला सांगते. तिने फोटो पाठवला तो डॉक्टरला, डॉक्टरच्या घरच्या टॅबला नव्हे.

पुढील अंकापासून या मासिकासाठीचे केस रिपोर्ट व्हॉट्सॲपवर स्वीकारले जाणार नाहीत. ते संपादकीय ई-मेलवर, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये, रुग्णाच्या सहीच्या मराठी संमतिपत्रासह पाठवावेत. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या चित्रांवरील नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख आधीच कापलेली असावी. संमतिपत्राचा मसुदा याच अंकात शेवटच्या पानावर दिला आहे. तो दवाखान्यात रोजच्या वापरासाठीही चालेल.