लांबी हा दोष नव्हे

साहित्याच्या विद्यार्थ्याला संगणकाच्या आज्ञावलीशी काय कर्तव्य, असे कुणी विचारले तर आम्ही त्याला मार्टिन फाउलर यांचे 'रिफॅक्टरिंग' (१९९९) हे पुस्तक चाळायला सुचवू. आज्ञावलीचे बाह्य वर्तन जसेच्या तसे राखून तिची अंतर्गत रचना सुधारणे म्हणजे रिफॅक्टरिंग. यंत्राला या फेरफाराचे सोयरसुतक नसते. त्याचा लाभ होतो तो ती आज्ञावली पुढे वाचणाऱ्या माणसाला. अर्थात हे काम संपादनाच्या जातीचे आहे.

'लांबलचक मेथड' हा त्या पुस्तकाने नोंदवलेला एक ठळक दोष. समजा, परीक्षेच्या निकालाची एक मेथड दोनशे ओळींची आहे. तीतच गुणांची बेरीज होते, ग्रेसचे गुण दिले जातात, श्रेणी ठरते आणि गुणपत्रिकाही छापली जाते. अधूनमधून 'येथे ग्रेसचा नियम लावला आहे' अशा टिपा पेरलेल्या. फाउलर यांचे म्हणणे असे, की जिथे टीप लिहावीशी वाटते तो तुकडा बाहेर काढावा आणि त्याला त्याच्या हेतूचे नाव द्यावे. मग मूळ मेथडमध्ये चारच ओळी उरतात: बेरीज करा, ग्रेस द्या, श्रेणी ठरवा, छापा. उद्या ग्रेसचा नियम बदलला, तर कुठे पाहायचे हे नावच सांगते. प्रत्येक पावलागणिक चाचण्या चालवून वर्तन बदललेले नाही याची खात्री करायची, हे पथ्यही त्यासोबत आलेच.

इथवर कुणाचे दुमत नसावे. मतभेद आहे तो पुढे. रॉबर्ट मार्टिन यांनी 'क्लीन कोड'मध्ये (२००८) फंक्शन लहान असावे, त्याहूनही लहान असावे, असा आग्रह धरला. जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१८ साली 'अ फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर डिझाइन'मध्ये उलट बाजू मांडली: केवळ लांबी हे तोडण्याचे पुरेसे कारण नव्हे, एक तुकडा दुसऱ्यावाचून कळत नसेल, तर ते एकत्र असलेलेच बरे.

आमचा कौल ऑस्टरहाउट यांना आहे. ज्या तुकड्याला सहा-सात मूल्ये बाहेरून पुरवावी लागतात आणि ज्याला 'भाग दुसरा' यापलीकडे नाव सुचत नाही, तो स्वतंत्र झालेला नसतो, नुसता तुटलेला असतो. वाचकाला मात्र एका अर्थासाठी चार ठिकाणी हिंडावे लागते. नाव न सुचण्यामागे कधी आपला आळसही असतो, हे मान्य. पण पुरेसा विचार करूनही ते सुचत नसेल, तर तिथे सांधा नाही असेच समजावे.

हे लिहिताना आम्हांला स्वतःची लाल शाई आठवते. विद्यार्थ्यांच्या निबंधांच्या समासात 'वाक्य लांब, तोडा' असा शेरा आम्ही वर्षानुवर्षे मारत आलो. त्यांनी वाक्ये तोडली. कित्येकदा त्यांबरोबर विचारही तुटला, आणि आम्ही त्याला सुबोधता म्हटले. सांधा कुठे आहे हे दाखवायचे काम आमचे होते. ते आम्ही टाळले.