नगरी कोणाला परकी?

लव्हक्राफ्टचा विषय निघाला की आपल्याकडच्या जाणकार वाचकांचे एक ठरलेले उत्तर असते. माणूस वंशद्वेष्टा होता हे कबूल. परंतु त्याच्या कथांतले भय 'वैश्विक' आहे. विश्वाला साऱ्या मानवजातीचीच पर्वा नाही, तिथे मालक कोण आणि गुलाम कोण? तेव्हा लेखकाचे पूर्वग्रह बाजूला ठेवावेत आणि कथा वाचावी. हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. तो खोडण्यासाठी लव्हक्राफ्टच्या पत्रांची साक्ष काढण्याचीही गरज नाही. त्याची एक नावाजलेली दीर्घकथाच पुरेशी आहे.

'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' त्याने १९३१ मध्ये लिहिली. 'विअर्ड टेल्स'च्या संपादकाने ती नाकारली आणि १९३६ मध्ये ती 'अस्टाउंडिंग स्टोरीज'मधून तीन भागांत प्रसिद्ध झाली. भूशास्त्राचा प्राध्यापक डायर आणि तरुण विद्यार्थी डॅनफर्थ विमानाने अंटार्क्टिकातली एक अजस्र पर्वतरांग ओलांडतात. पलीकडे त्यांना मानवपूर्व जीवांनी बांधलेले, बर्फात गाडलेले पाषाणनगर दिसते. वाट चुकू नये म्हणून कागदाचे कपटे टाकीत दोघे आत शिरतात. सोबत आहे, पण ती अवघडलेली. मागे छावणीत सहकारी मरून पडले आहेत, एक बेपत्ता आहे, आणि मनातली शंका दोघांपैकी कोणीही धड उच्चारत नाही. परतीच्या उड्डाणात मागे वळून डॅनफर्थ जे पाहतो, ते तर तो डायरलाही धड सांगत नाही.

या नगरीचा इतिहास दोघांना कळतो तो भिंतींवरच्या शिल्पांतून. शिल्पे कोरली कोणी? नगरीच्या मालकांनी. त्यांनी अवजड कामांसाठी शॉगॉथ नावाचे गुलाम घडविले. पुढे त्या गुलामांना बुद्धी फुटली, त्यांनी बंड केले आणि ते चिरडले गेले. शॉगॉथांची बाजू सांगणारी भिंत कथेत नाही. तरीही हा प्राध्यापक, साधने तपासून घेणे हा ज्याचा पेशा, तो मालकांची बखर इतिहास म्हणून निमूटपणे स्वीकारतो!

कथेचा खरा निवाडा यापुढे आहे. छावणीतल्या माणसांना मारले ते युगानुयुगांच्या निद्रेतून जागे झालेल्या या मालकांनीच. बेपत्ता सहकाऱ्याचा मृतदेह नगरीत सापडतो, तोही त्यांनीच नमुना म्हणून बांधून आणलेला. असे असूनही डायर त्यांना क्षमा करतो. तेही आपल्यासारखेच जिज्ञासू, तेही एका अर्थी माणसेच, असे त्याला वाटते. आणि भय कोणाचे? शॉगॉथचे. कथेत शॉगॉथच्या हातून मेलेले दिसतात ते मालक. माणूस एकही नाही. ज्यांनी आपली माणसे मारली त्यांच्याविषयी आत्मीयता, आणि ज्यांनी त्या मारेकऱ्यांविरुद्ध बंड केले त्यांच्याविषयी किळस. सहानुभूतीची ही वाटणी विश्वाच्या उदासीनतेने केलेली नाही, लेखकाने केली आहे.

शॉगॉथ पाठलाग करू लागतो तेव्हा डॅनफर्थ काय ओरडतो? बोस्टन आणि केंब्रिजच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांची नावे. अंगावर येणारा तो काळा लोंढा त्याला आगगाडीसारखा वाटतो. लव्हक्राफ्टने १९२४ ते १९२६ ही वर्षे न्यूयॉर्कमध्ये काढली. तिथल्या स्थलांतरितांच्या गर्दीविषयीचा त्याचा तिटकारा 'द हॉरर अ‍ॅट रेड हुक'मध्ये उघडा पडलेला आहे. दक्षिण ध्रुवाजवळचे हे परके नगर शेवटी त्याच्या ओळखीच्याच शहरांत येऊन मिळते.

मग त्याला वाचूच नये काय? आम्ही असे म्हणत नाही. जागतिक फँटसी पुरस्काराचे मानचिन्ह म्हणून दिला जाणारा त्याचा अर्धपुतळा २०१५ मध्ये बंद करण्याचे ठरले, तेव्हाही त्याची पुस्तके कोणी जाळली नाहीत. आमचे म्हणणे इतकेच, की पूर्वग्रह बाजूला काढून ठेवला तर या कथेचे भयही त्याच्याबरोबर निघून जाते. उरते ते बर्फ आणि आंधळे पेंग्विन.

कथेतली एक गोष्ट मराठी वाचकाने तरी मुकाट्याने मान्य करू नये. लव्हक्राफ्ट सांगतो की शॉगॉथांना स्वतःचा आवाज नाही. ते मालकांच्याच आवाजाची नक्कल करतात. आपल्याकडे १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. तेव्हा पांढरपेशा वाचक आपल्याच मुंबईत परका ठरला आणि ज्यांचे ते जग होते ते स्वतः बोलले. तो आवाज कोणाची नक्कल नव्हता. तेव्हा 'भयाण, परकी नगरी' असे शब्द पुढच्या वेळी वाचनात आले, की आधी विचारावे: ती बांधली कोणी, राबले कोण, आणि परकी म्हणणारा उभा कोणाच्या भिंतीपाशी आहे?